वाजवून घ्या! एम.एस्सी.चे ठिकाण निवडताना

आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक समाजमंदिरात बाबासाहेबांची तसबीर असते आणि तसबिरीखाली पदव्यांची ओळ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. ही ओळ आपल्या लेकरांना बाराखडीबरोबरच पाठ होते. पण त्या ओळीतली 'एम.एस्सी.' बाबासाहेबांनी कुठे केली, तिथेच का केली, त्यासाठी काय सोसले, हे किती घरांत सांगितले जाते? आज हा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, बी.एस्सी.चे निकाल लागले की आपल्या शेकडो घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरगा पास झाला, पोरगी पास झाली, आता पुढे कुठे?

सोनगीरचेच उदाहरण घेऊ. मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याहून वीसेक किलोमीटर अंतरावरचे हे गाव. किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात प्रसिद्ध. इथली, तशीच नरडाणा-कापडण्याकडची आपली मुले-मुली एस.टी.चा पास काढून धुळ्याला नाही तर शिरपूरला जातात आणि भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होतात. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे प्रयोगशाळेत उभी आहेत, ही लहान गोष्ट नाही. मात्र पुढच्या पायरीवर आपण गडबडतो. 'जिथे बी.एस्सी. केली तिथेच एम.एस्सी. करून टाक', 'मैत्रीण जाते तिथे तूही जा', 'पास चालतो तिथपर्यंतच जा' अशा तीन वाक्यांत निर्णय होऊन जातो. पुढच्या चाळीस वर्षांचा प्रश्न पाव तासात निकाली निघतो.

सोनगीरच्या बाजारात पितळेचा हंडा घेणारी बाई काय करते? हंडा हातात घेते, जड आहे की हलका ते बघते, बुडाशी जोड आहे का ते चाचपते आणि बोटाने टिचकी मारून वाजवून पाहते. आवाज बद्द आला तर दुकानदार कितीही गोड बोलो, ती पुढच्या दुकानात जाते. हंडा वाजवून घेणारे आपण लोक, विद्यापीठ मात्र न वाजवताच घेतो. ते कसे वाजवायचे, हेच या लेखात सांगायचे आहे.

बाबासाहेबांनी कसे निवडले?

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली तिथे ते एम.ए. झाले. सार्वजनिक अर्थकारणातले जगप्रसिद्ध विद्वान प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. १९१६ साली ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

यापुढचा भाग आपल्या पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली होती. घरात पगार येऊ लागला होता. 'आता पुरे झाले' असे म्हणायला कुणाचीही हरकत नव्हती. पण बाबासाहेबांनी पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढले आणि १९२० साली ते पुन्हा त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२३ साली डी.एस्सी. झाले.

जवळ आहे, सोयीचे आहे, म्हणून त्यांनी ठिकाण निवडले नाही. त्यांच्या विषयाचे शिक्षक तिथे होते आणि लंडनची मोठमोठी ग्रंथालये तिथून हाकेच्या अंतरावर होती. तिथले प्राध्यापक एडविन कॅनन यांनी पुढे बाबासाहेबांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. काही मुद्द्यांवर मतभेद असूनही लिहिली. चांगला गुरू कसा असतो ते यावरून कळते. गुरू, ग्रंथालय आणि पुढची वाट या तीन गोष्टी पाहून बाबासाहेबांनी ठिकाण निवडले. आपल्या मुलांनीही याच तीन गोष्टी पाहायच्या आहेत. फक्त विज्ञानाच्या विद्यार्थ्याला चौथी गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे प्रयोगशाळा.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी आपल्या मुलांसाठी सर्वांत जास्त आग्रह कशाचा धरला असेल, तर तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाची स्थिती पालटणार नाही, विज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे आणि ते सरकारच्या मदतीशिवाय आपल्या मुलांच्या आवाक्यात येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच प्रयत्नांतून १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज धुळ्याच्या महाविद्यालयात आपली मुलगी जो शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, त्याचे मूळ तिथे आहे. म्हणून आपल्या घरातले एम.एस्सी. हे नुसते त्या मुलाचे करिअर नव्हे. बाबासाहेबांनी मागून घेतलेली, झगडून मिळवलेली ती जागा आहे. ती कशीतरी भरून टाकायची नाही.

जवळ, मध्यम आणि लांब

सोनगीरच्या ओट्यावर बसून पाहिले तर तीन वर्तुळे दिसतात.

पहिले वर्तुळ जवळचे. धुळे, शिरपूर, अमळनेर, जळगाव इथल्या काही महाविद्यालयांत एम.एस्सी.ची सोय आहे. घरून जाऊन-येऊन शिकता येते, राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो. आई आजारी असेल, धाकटी भावंडे असतील, घरचे शेत किंवा मजुरी सांभाळावी लागत असेल, तर हा मार्ग कमीपणाचा मुळीच नाही. पण एक गोष्ट तपासा. अनेक महाविद्यालयांत बी.एस्सी. अनुदानित असते आणि एम.एस्सी. मात्र विनाअनुदानित. त्यामुळे शुल्क जास्त असू शकते आणि शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेले असू शकतात. पाटी एकच असली तरी आतला माल वेगळा असू शकतो.

दुसरे वर्तुळ मध्यम अंतराचे, म्हणजे आपल्याच विद्यापीठाचा परिसर. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. धुळ्याहून जळगावकडे जाताना बांभोरीजवळ, गिरणेच्या अलीकडेच हा परिसर लागतो. इथे भौतिक आणि रासायनिक विज्ञानाच्या स्वतंत्र प्रशाळा आहेत. विद्यापीठाच्या विभागात आणि संलग्न महाविद्यालयात मोठा फरक असतो. विभागात पीएच.डी.चे संशोधन चालू असते, त्यामुळे एम.एस्सी.चा विद्यार्थी संशोधकांच्या शेजारी काम करतो, उपकरणे पाहतो, परिसंवाद ऐकतो. संशोधन हा शब्द त्याला पुस्तकात नव्हे, शेजारच्या टेबलावर भेटतो. खानदेशातल्या किती तरी घरांना हा परिसर माहीत आहे तो केवळ निकाल आणि पदवी प्रमाणपत्रापुरता. एकदा मुलाला घेऊन तिथे जाऊन या.

तिसरे वर्तुळ लांबचे. पुण्याचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घ्या. त्याच्या आसपासच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, खगोलविज्ञानाचे आयुका आणि २००६ साली सुरू झालेली आयसर ही संस्था आहे. सुट्टीतला प्रकल्प, व्याख्याने, ओळखी, या सगळ्यांचा लाभ तिथल्या विद्यार्थ्याला होतो. मुंबईत १९२० साली सुरू झालेली विज्ञान संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे. २०१९ साली ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आली. गंमत पाहा, बाबासाहेब जिथे शिकले ते एल्फिन्स्टन कॉलेज आणि जिथे त्यांनी शिकवले ते सिडनहॅम कॉलेज, हीदेखील आज त्याच विद्यापीठात आहेत. छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेबांच्या नावाचे मराठवाडा विद्यापीठ आहे आणि १९५० साली त्यांनीच सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. धुळ्याहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. राहण्याच्या ओळखी आपल्या माणसांना तिथे लवकर मिळतात.

आणि याच वर्तुळात आय.आय.टी. आहेत. 'आय.आय.टी. म्हणजे फक्त इंजिनिअरिंग' असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खोटा आहे. आय.आय.टी.मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांचे एम.एस्सी. होते आणि त्यासाठी 'जॅम' नावाची परीक्षा असते. तिचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.सारख्या संस्थांतही याच परीक्षेच्या गुणांवर एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. अर्जशुल्कात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना आणि मुलींना सवलत असते, प्रवेशात केंद्राचे १५ टक्के आरक्षण असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी-पीजी' ही परीक्षा आहे. आमची खंत अशी की, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या कित्येक मुलांना या दोन्ही परीक्षांची नावे निकाल लागल्यानंतर कळतात. तोवर गाडी निघून गेलेली असते.

टिचकी कुठे मारायची?

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कुणाचे ऐकायचे? तथागतांनी त्यांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. विद्यापीठाच्या बाबतीतही हेच करायचे. माहितीपुस्तिकेतले गुळगुळीत फोटो बाजूला ठेवा आणि प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस काढून पाच प्रश्नांची उत्तरे मिळवा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा. एम.एस्सी. करून व्हायचे काय आहे? कारखान्यात किंवा औषध कंपनीत जायचे असेल तर रसायनशास्त्रात सेंद्रिय किंवा विश्लेषणात्मक शाखा उपयोगाची. वापी-अंकलेश्वरचा रासायनिक पट्टा खानदेशाला परका नाही, नरडाण्याहून सुरतेकडे रेल्वे जाते. प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्याची तयारी करून घेणारा विभाग हवा. संशोधक व्हायचे असेल तर प्रकल्प करून घेणारा विभाग हवा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणालाही भौतिक आणि रसायनशास्त्राचे एम.एस्सी. घेतले जातात. जायचे कुठे हेच ठरले नसेल, तर कुठली गाडी पकडायची हे कसे ठरणार?

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. विभागात कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती? पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती? तासिकेवरचे शिक्षक वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यात आपलीही नेट-सेट झालेली, वर्षानुवर्षे ताटकळलेली मुले आहेत. पण सगळा विभागच त्यांच्यावर चालत असेल तर दर वर्षी शिक्षक बदलणार आणि प्रकल्प अर्धवट राहणार.

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. उपकरणे किती, यापेक्षा विद्यार्थ्याचा हात त्यांना लागतो का, हे विचारा. काही ठिकाणी महागडे उपकरण कुलूपबंद खोलीत असते आणि पाहुणे आले की उघडले जाते. सोनगीरच्या पोराने लहानपणापासून भट्टी, तांबे, पितळ पाहिलेले असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, हे त्याला पुस्तकाआधी ठाऊक असते. त्याच धातूचा तुकडा क्ष-किरणांखाली ठेवून अणूंची रचना कशी वाचतात, हे ज्या ठिकाणी स्वतःच्या हाताने करायला मिळेल, ते ठिकाण त्याचे.

चौथा प्रश्न ग्रंथालयाचा. संशोधनपर नियतकालिके फार महाग असतात. जानेवारी २०२५ पासून 'एक देश एक वर्गणी' या केंद्राच्या योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना हजारो नियतकालिके संगणकावर वाचायला मिळू लागली आहेत. आपण जिथे जाणार ती संस्था या योजनेत आहे का आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ती वाचता येतात का, हे विचारा. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही विचारा. ज्याच्या खोलीत चार जण राहतात त्याला ग्रंथालय हेच घर असते.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इथून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? किती जण नेट, सेट, गेट झाले? किती जण पीएच.डी. करतात? किती जण अजून घरी आहेत? हे विभागप्रमुखांना विचारा आणि त्यानंतर कॅन्टीनमध्ये बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर हंडा खणखणीत आहे असे समजा. 'नॅक'ची श्रेणी जरूर पाहा, पण ती साऱ्या संस्थेची असते, तुमच्या विभागाची नव्हे.

पैशाचे गणित आधी मांडा

'पैसे नाहीत' म्हणून लांबचे ठिकाण सोडण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांतील मुलांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत पाहावी. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर या लाभाला मुकावे लागते, म्हणून कुणी 'जागा करून देतो' म्हणाले तर सावध राहा.

राहण्यासाठी पहिला अर्ज समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा करावा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्याला त्यातून राहणे, जेवण आणि निर्वाहासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते, लहान शहरांत थोडी कमी. अटी, गुणांची मर्यादा आणि कोणते ठिकाण योजनेत बसते, हे प्रवेशापूर्वीच समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

या साऱ्यात एक अडचण खरी आहे. पैसे उशिरा येतात. प्रवेश जून-जुलैत होतो आणि रक्कम कित्येकदा वर्ष उलटत आले तरी खात्यावर दिसत नाही. पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरातून करावी लागते. अनेक मुले हुशारीत कमी पडत नाहीत, ती या सहा महिन्यांत गळतात.

पुढचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. पीएच.डी. म्हणजे घरच्यांवर ओझे, हे गणित आता जुने झाले. परदेशी जाण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना ती मिळते आणि जगातल्या पहिल्या २०० विद्यापीठांपैकी एकात प्रवेश मिळवावा लागतो. भीमरावांच्या वाटेने जाण्याची ही दारे आहेत. ठोठावणारा हवा.

कागद आजच काढा

आपल्या मुलांचे प्रवेश गुणांअभावी जितके हुकतात, तितकेच कागदाअभावी हुकतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी निकालानंतर नव्हे, शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत करा. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात जायचे तर आपल्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते, तेही वेळेत मागा.

केंद्राच्या संस्थेत जाणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, पण बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० सालची घटनादुरुस्त आदेशाची तरतूद यावी लागली. चौतीस वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेला हा हक्क आज चुकीच्या नमुन्यातल्या दाखल्यापायी हातचा जाऊ शकतो. राज्याच्या कामासाठी 'नवबौद्ध' असा उल्लेख चालतो, आय.आय.टी. किंवा केंद्रीय विद्यापीठात मात्र केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातला, अनुसूचीतल्या जातीचा उल्लेख असलेला दाखला मागतात. सेतू कार्यालयात अर्ज देतानाच 'केंद्राच्या कामासाठी हवा' असे स्पष्ट सांगा आणि हातात पडल्यावर प्रत्येक अक्षर तपासा.

लेकीचे काय?

आता माता-भगिनींशी दोन शब्द. मुलगा असेल तर आपण कर्ज काढून पुण्याला पाठवतो. मुलगी असेल तर म्हणतो, 'इतलं दूर पोरगीले कसाले धाडानं?' मुलीला जास्त गुण असले तरी तिला जवळचे महाविद्यालय आणि भावाला लांबचे विद्यापीठ, हे आपल्या घरांत सर्रास घडते. हा न्याय आपल्याला मनुस्मृती जाळणाऱ्याने शिकवलेला नाही.

काळजी खोटी नसते हे आम्ही जाणतो. संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारी प्रयोगशाळा, शेवटची एस.टी., फाट्यावरून घरापर्यंतचा अंधार, या गोष्टी आईलाच कळतात. पण नीट विचार करा. रोज दीड-दोन तास बसमध्ये घालवणाऱ्या आणि रात्री फाट्यावर उतरणाऱ्या मुलीपेक्षा विद्यापीठाच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात राहणारी मुलगी कदाचित अधिक सुरक्षित असते. आणि तिचे ते दोन तास अभ्यासाला मिळतात. ठिकाण पाहायला जाल तेव्हा आईलाच बरोबर न्या. वसतिगृहाची खोली, पाणी, दार, अधीक्षिका हे सारे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तिची शंका फिटली तर अर्धे काम झाले.

'शिकेल तेवढी शिकू द्या, पण स्थळ आले तर…' हे वाक्यही आता घरातून हद्दपार करा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. स्थळ दोन वर्षे थांबत नसेल तर ते स्थळ आपले नव्हेच.

मान सांभाळणारे ठिकाण

एक प्रश्न माहितीपुस्तिकेत कधी सापडत नाही. तिथे आपल्या मुलाला माणूस म्हणून वागवतात का? थोर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचे उदाहरण घ्या. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली एका गरीब, खालची मानलेल्या जातीच्या घरात त्यांचा जन्म झाला. कोलकात्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना वसतिगृहात त्यांच्या पंगतीला बसायला उच्चवर्णीय मुलांनी हरकत घेतली होती. १९१५ साली ते एम.एस्सी. झाले आणि १९२० साली त्यांनी मांडलेल्या समीकरणाने ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावता येऊ लागला. पंगतीतून उठवलेल्या मुलाने जगाला तारे वाचायला शिकवले.

हा इतिहास झाला असे म्हणावे, तर आपल्याच जळगावची लेक डॉ. पायल तडवी डोळ्यांसमोर उभी राहते. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेताना २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला, तिच्या आईने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. ही नावे आम्ही भीती घालण्यासाठी घेत नाही. भिऊन घरी बसणे हे उत्तर नव्हे. पण जाताना डोळे उघडे ठेवून जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ सालच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असला पाहिजे. त्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर आहे का ते पाहा. तिथे शिकणाऱ्या आपल्या चार मुलांना भेटा. त्यांची संघटना आहे का, जयंती साजरी होते का, अडल्यानडल्याला कोण धावते, हे विचारा. पहिल्याच आठवड्यात त्या चौघांची ओळख झालेली मुलगी एकटी पडत नाही.

भाषेचेही असेच आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानांनी गांगरतो आणि 'आपण इथले नाहीच' असे मनात धरून बसतो. तो अडाणी नसतो, फक्त शब्द नवे असतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासूनच रोज दोन पाने इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचण्याची सवय ठेवली तर हा डोंगर टेकडीएवढा होतो.

समाजाने काय करावे?

दर वर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर धुळे जिल्ह्यातला आपला समाज लोटतो. बाबासाहेबांचे पाय तिथे लागले, त्या आठवणीसाठी आपण जातो. हे दिवस प्रवेशाचेही असतात. तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल असे का नसावे, की जिथे एम.एस्सी. झालेली आपली चार मुले-मुली बसतील आणि येणाऱ्या प्रत्येक बी.एस्सी.वाल्याला परीक्षांच्या तारखा, दाखल्याचे नमुने आणि विभागांची खरी माहिती देतील?

आणि त्या सहा महिन्यांचे काय? जयंतीला आपण मनापासून वर्गणी देतो. तिच्यातला दहावा हिस्सा जरी प्रत्येक गावच्या विहार समितीने 'प्रवेश निधी' म्हणून बाजूला ठेवला, तर दोन-तीन मुलांना पहिल्या सत्राचे पैसे हातउसने देता येतील. शिष्यवृत्ती आली की त्यांनी ते परत करायचे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येतील. डीजेचा आवाज एका रात्रीत विरतो. नवल भथेनांनी मित्राला दिलेले कर्ज मात्र शंभर वर्षे होऊन गेली तरी आपल्याला आठवते.

पालकहो, या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेले लेकरू तुमच्या घरात असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याला जवळ बसवा. 'कुठे प्रवेश मिळेल?' असे विचारू नका. 'तुला काय व्हायचे आहे आणि त्यासाठी सगळ्यात चांगले ठिकाण कोणते?' असे विचारा. तीन ठिकाणांची नावे कागदावर लिहा, एक जवळचे, एक मध्यम, एक लांबचे. तिन्ही जाऊन पाहा, तिन्ही वाजवून पाहा. ज्याचा आवाज खणखणीत येईल, तिथे लेकराला निर्धास्तपणे पाठवा.

जयभीम!